स्वस्तातला गाईड स्कोप घेताना आधी काय बघायचं

गाईड स्कोप म्हणजे आकाशाचे फोटो काढताना मेन टेलिस्कोपवर बसवायचा छोटा टेलिस्कोप, त्यातला कॅमेरा एका ताऱ्यावर नजर ठेवतो आणि त्यावरून माउंट, म्हणजे टेलिस्कोप फिरवणारा स्टँड, दिशा दुरुस्त करत राहतो. तो घ्यायचा म्हटलं की सगळे आधी भिंगाचा व्यास ३० एमएम घेऊ की ५० एमएम हेच विचारतात, पण माझं स्पष्ट मत आहे की आधी तो मेन टेलिस्कोपवर बसतो कसा ते बघा. मी पहिला घेतला त्याच्या रिंगला प्लास्टिकच्या टोकाचे स्क्रू होते, गाईडिंग किती चुकतंय ते दाखवणारा ग्राफ मस्त सपाट यायचा आणि फोटोत मात्र सगळे तारे एकाच बाजूला ओढलेले, दोन महिने माउंटलाच दोष देत बसलो. नंतर कळलं की गाईड स्कोपच केसभर झुकत होता, यालाच फ्लेक्शर म्हणतात. त्यामुळे घट्ट आवळता येणारी धातूची रिंग आणि लॉक होणारा फोकसर असेल तर छोटा स्कोपपण चालतो.

आता साइजचं बघू. कॅमेऱ्याच्या पिक्सेलचा साइज मायक्रॉनमधे घ्या, त्याला २०६ ने गुणा आणि फोकल लेंथच्या एमएमने भागा, म्हणजे एका पिक्सेलमधे किती आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग) येतात ते कळतं. १२० एमएम फोकल लेंथचा गाईड स्कोप आणि ३.७५ मायक्रॉनचा कॅमेरा म्हणजे साधारण ६.४. तोच पिक्सेल ४०० एमएमच्या मेन स्कोपवर १.९ देतो. गाईडचा आकडा मेनच्या चार-पाच पटीच्या आत असला की बिनधास्त घ्या, कारण पीएचडी२ हे गाईडिंगचं सॉफ्टवेअर, जे फुकट आहे, ताऱ्याचा मध्य पिक्सेलच्या छोट्या भागापर्यंत मोजतं. पण मेन स्कोप २००० एमएमचा असेल तर हीच जोडी जवळपास सतरा पट मागे पडते, वर आरसा सरकणारा टेलिस्कोप असला तर वेगळा गाईड स्कोप ते सरकणं बघूच शकत नाही, तिथे ऑफ ॲक्सिस गाईडरच (मेन स्कोपमधलाच थोडा प्रकाश गाईड कॅमेऱ्याकडे वळवणारा) घ्या, फोकस जुळवायला त्रास होतो पण दुसरा इलाज नाही.

कॅमेरा मोनो, म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट, घ्या, कलरपेक्षा अंधुक तारे जास्त पकडतो. घरात ५० एमएमचा फाइंडर (टेलिस्कोपची दिशा लावायची छोटी दुर्बीण) पडला असेल तर नवीन स्कोपच्या आधी त्याला कॅमेरा बसवायचा ॲडाप्टर मिळतोय का बघा, खूप पैसे वाचतात.

आणि केबल लोंबकळत ठेवू नका, माउंटला बांधा. मग तासभर फोटो काढून पहिली आणि शेवटची फ्रेम अलाइन न करता शेजारी ठेवा. ग्राफ चांगला असून तारा सरकलेला दिसला तर आधी रिंगचे स्क्रू आवळा.