गावात म्युझिकल पिक्चर लावायचाय? मंग आधी हे वाचून घ्या

"म्युझिकल संपले आता, कोण बसते गाण्याचे पिक्चर पाहत" असं जो म्हणते त्याला एकदा हिवाळ्यात वडसा-ब्रह्मपुरीकडं घेऊन या. दिवाळी झाली की होळीपर्यंत झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, गावोगाव नाटकं लागतात, शंकरपट (बैलांची शर्यत) असला की रात्री नाटक ठरलेलंच, नऊ-दहाला सुरू होते अन् पहाटेपर्यंत चालते, स्टेजसमोर ऑर्गन-तबलावाले बसलेले, नट स्वतः गाते, गाणं आवडलं की वन्समोर. अन् लोक तिकीट काढून बसतात बाप्पा, फुकट नाही. याच रंगभूमीच्या परशुराम खुणेंना 2023 मध्ये पद्मश्री भेटली. तं गोष्ट गाण्यातून ऐकायची सवय आपल्याकडं जिवंत आहे, ती पडद्यासमोर बसवायची कशी तेवढं पाहायचं.

सगळ्यात जास्त डोकं पिक्चर निवडताना लावा. माझा नियम एकच, गाणं कापून टाकलं तर गोष्ट अडते का? नसेल अडत तर तो गाणी असलेला पिक्चर झाला, म्युझिकल नाही. आपल्याकडं 1931 च्या आलम आरापासून गाणी आहेतच, त्यात सात होती, पुढच्याच वर्षी आलेल्या इंद्रसभेत सत्तरच्या आसपास. पण आजकाल काय होते, हिरो गाडीवर चालला, मागून कोणीतरी गाऊन राहिला, हिरोचे ओठ बंद, गोष्ट जागची हलत नाही, अन् नेमके तेव्हाच पोट्टे मोबाईल काढतात. लोक म्हणतात म्युझिकलचा जमाना गेला, मला वाटते गाण्याला कामावरून काढलं म्हणून तसं दिसून राहिलं. (सैराटमध्येही गाणी मागूनच वाजतात तरी लोक टॉकीजमध्ये नाचले, तेव्हा माझा नियम काही दगडावरची रेघ नाही.)

मराठीत पहिल्यांदा लावायचा असेल तर कट्यार काळजात घुसली, 2015 चा. मूळ 1967 चं संगीत नाटक, त्यात दोन घराण्यांचं भांडण आहे अन् ते भांडण गाण्यातच होते, त्यामुळं ज्याला रागदारीतलं ओ की ठो कळत नाही तोही कोण जिंकलं ते पाहायला बसून राहते. गावात भजनी मंडळ जोरात असेल तर सरळ प्रभातचा संत तुकाराम लावा, 1936 चा आहे म्हणून घाबरू नका. त्यातलं "आधी बीज एकले" म्हतारे लोक तुकोबाचाच अभंग समजून म्हणतात, पण ते शांताराम आठवल्यांनी पिक्चरसाठी लिहिलेलं आहे. सुरू व्हायच्या आधी हे माइकवर सांगू नका, संपल्यावर सांगा, मंग पाहा पारावर कशी चर्चा रंगते ते.

इंग्रजी म्युझिकलच्या नादी सुरुवातीला लागू नका. खालची अक्षरं वाचत गाणं ऐकणं कोणाला जमत नाही, लहान पोरं तर उठून पळतात. त्यांच्यासाठी डिस्नेचे कार्टून पिक्चर बरे, बऱ्याच हिंदी डबिंगमध्ये गाणीही हिंदीत असतात, पण आधी घरी लावून तपासा. तसा हॉलीवूडवाल्यांनाच आपल्या मालावर भरोसा नाही, 2023 च्या वोंका नावाच्या म्युझिकलच्या ट्रेलरमध्ये गाणी जवळजवळ लपवलीच होती. स्पीलबर्गनं 2021 मध्ये वेस्ट साइड स्टोरी नव्यानं काढला, सगळ्यांनी वाखाणला अन् तिकीटबारीवर पडला. मंग 2024 मध्ये विकेड आला अन् धो धो चालला, दोन ऑस्करही घेऊन गेला. एका पिक्चरवरून म्युझिकलचं भविष्य सांगणाऱ्यांना म्हणून मी तरी मनावर घेत नाही.

परवानगीचं बघा. ओटीटीवर आपण घरच्यासाठी पैसे भरतो, त्यावरून गावाला दाखवता येत नाही, हक्कवाल्याकडून लेखी घ्यावं लागते. आपल्या कायद्यात पिक्चरचा हक्क 60 वर्ष राहते, त्यामुळं फार जुने पिक्चर सोपे पडतात, तरी गाण्याचे हक्क वेगळे असू शकतात, तेवढं विचारून घ्या. अन् रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, पोलीस स्टेशनला आधीच अर्ज टाका. डिसेंबरात साडेसहाला मस्त अंधार पडते, सातला सुरू केला तर मध्ये चहा होऊनही दहाच्या आत आटोपते. कापूस वेचणीचे किंवा धान चुरण्याचे दिवस टाळा, दिवसभर राबलेला माणूस दुसऱ्याच गाण्याला घोरते.

पडद्याला चादर नको, वाऱ्यानं फुगते अन् नटीचं तोंड वाकडं होते. जुन्या फ्लेक्सची पांढरी बाजू घ्या, खाली बांबू बांधा, चारही कोपरे ताणून घ्या, झालं.

आवाजावर मात्र कंजूषी करू नका, म्युझिकल तिथंच मरते. डीजेवाल्याकडून बॉक्स आणाल तर तो आल्या आल्या बेस वाढवते, त्याला प्रेमानं सांगा भाऊ, आज वरात नाही, आज शब्द ऐकायचे आहेत. बेस खाली, मधला आवाज वर, दोन बॉक्स पडद्याच्या दोन्ही बाजूला, भोंगा बिलकुल नाही कारण त्यात तबला पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा वाजते. ब्लूटूथनं जोडू नका, वायरच लावा. ब्लूटूथमध्ये आवाज थोडा मागं पडते, साध्या पिक्चरमध्ये चालूनही जाते, पण तानेत ओठ पुढं अन् सूर मागं राहिला की लोक हसतात अन् मंग तो पिक्चर परत सावरत नाही. लाइट जातेच हे धरून जनरेटर ठेवा, पण देवळामागं, लांब, नाहीतर सगळी मैफल त्याचीच.

लोकांना चूप बसवायच्या भानगडीत पडू नका. आपली माणसं नाटकाची आहेत, वन्समोर ओरडणारच. रिमोट हाती धरून बसा, जोरात मागणी आली तर गाणं मागं घेऊन परत लावा, टॉकीजमध्ये हे कधीच होत नाही अन् गावातल्या शोची खरी मजा यातच आहे. मात्र एका गाण्याला एकदाच, नाहीतर दहाच्या आत संपत नाही अन् शेवट न पाहताच पेटी बांधावी लागते.

एका पोराला वही देऊन कोपऱ्यात बसवा, कोणत्या गाण्याला बाया-माणसं उठून गेली अन् कोणत्या गाण्याला रस्त्यानं जाणारा गाडी थांबवून उभा राहिला एवढंच त्यानं लिहायचं. पुढचा पिक्चर त्या वहीवरून ठरवा, सरपंच काहीही म्हणो.