बदाम-अक्रोडाचं झाड वाळतंय? रोगकारक जिवंत सालीच्या काठावर शोधा

झाड वाळलं की माणूस साहजिकच सगळ्यात वाळकी फांदी तोडून पिशवीत घालतो आणि तपासायला पाठवतो. माझ्या टेबलावर असे नमुने सतत येतात आणि त्यातून जवळजवळ काहीच हाती लागत नाही. ज्यानं झाड मारलं तो तोवर पुढे सरकलेला असतो. मागे उरलेल्या मेलेल्या लाकडावर ट्रायकोडर्मा, फ्युजारियम अशा बुरशा येऊन बसलेल्या असतात.

हे मी चूक करून शिकले. कामाला लागून फार दिवस झाले नव्हते. एका वाळलेल्या अक्रोडाच्या मुळांचे तुकडे बुरशी वाढवायच्या दहा डिशमध्ये ठेवले, दहाहींत फ्युजारियम आलं आणि मी तेच कारण म्हणून लिहून दिलं. पुढच्या हंगामात त्याच ओळीतली आणखी चार झाडं गेली. मग बुंध्याशी स्वतः खणलं, नुकत्या पिवळ्या पडू लागलेल्या झाडाची साल तासली, तेव्हा फायटोफ्थोरा निघाला, म्हणजे ओल्या मातीतून मुळं आणि बुंधा सडवणारा बुरशीसारखा जीव. ती चार झाडं मला अजून आठवतात.

म्हणून चाकू काढण्याआधी बाग फिरा आणि कोणती झाडं गेली आहेत ते कागदावर मांडा. सखल जागेतली, पाणी साचणारी किंवा ज्यांच्या बुंध्यावरच ड्रिपर गळतो अशी झाडं जात असतील तर फायटोफ्थोराचा संशय धरा. एका झाडापासून गोल पसरत शेजारची झाडं वाळत असतील तर आर्मिलेरिया ही मुळं सडवणारी बुरशी. छाटणीच्या जखमेपासून एकेक फांदी खाली वाळत येत असेल तर बोट्रिओस्फेरिया कुळातल्या बुरशा. बदामाच्या पानांच्या कडा करपल्या असतील आणि करपलेल्या व हिरव्या भागाच्या मधे पिवळा पट्टा असेल, तर झायलेला फास्टिडिओसा हा जिवाणू मनात ठेवा. तो डिशमधल्या नेहमीच्या खाद्यावर, म्हणजे माध्यमावर, वाढत नाही, त्यामुळे उन्हाळ्याच्या शेवटी अशा पानांचे देठ गोळा करून डीएनए ओळखणाऱ्या पीसीआर चाचणीलाच पाठवावे लागतात. अक्रोडाच्या कलमाच्या सांध्यावर सालीखाली काळी रेघ दिसली तर तिथे बुरशी शोधू नका. ते चेरी लीफरोल विषाणूचं काम असतं.

आता बुंधा. पूर्ण मेलेलं झाड सोडा, अर्धं आजारी असलेलं निवडा. बुंध्यालगतची माती हातानं बाजूला करा, मुळं फुटतात तिथपर्यंत. धारदार चाकू 70 टक्के अल्कोहोलनं पुसून साल पातळ पातळ तासत जा. निरोगी साल आतून ओलसर, पांढरट असते. रोगट भाग तपकिरी, कधी लालसर. तासता तासता एका जागी हे दोन रंग समोरासमोर येतात. ती रेषा म्हणजे तुमचा नमुना. अक्रोडाची साल कापल्यावर हवेनं झटकन काळवंडते, म्हणून कापल्याकापल्याच रेषा बघा आणि मार्करनं खूण करा. पाच मिनिटांनी सगळंच रोगट वाटायला लागतं.

तिथेच थोडं थांबून पाहा आणि वास घ्या. सालीखाली पांढरा, पंख्यासारखा पसरलेला बुरशीचा थर आणि अळंबीचा वास असेल तर आर्मिलेरिया. आंबूस वास, आणि रोगट पट्टा जमिनीच्या वरच संपलेला असेल तर स्युडोमोनास सिरिंजी या जिवाणूचा खैरा (साल कुजवणारा रोग) असण्याची शक्यता मोठी. फायटोफ्थोरात बदामाला डिंक येतो आणि सडण्याची कड स्पष्ट असते, पण सालीखाली पांढरा थर नसतो.

रेषेच्या दोन्ही बाजू येतील असा बोटभर तुकडा कापा. ओल्या टिश्यूत गुंडाळून पिशवीत घाला, सावलीत न्या, बर्फाला टेकवू नका. बारीक मुळं आणि त्यांच्याभोवतीची ओलसर माती वेगळी घ्या. झाडाला मेटालॅक्झिल किंवा फॉस्फोनेट ही फायटोफ्थोरावरची औषधं दिली असतील तर तारीख लेबलवर लिहा, कारण औषधानंतर रोगकारक जिवंत असूनही डिशमध्ये उगवत नाही.

प्रयोगशाळेत तुकडा वाहत्या पाण्याखाली धुवा आणि रेषेवरचे 3 ते 5 मिलिमीटरचे कण काढा. इतर बुरशांसाठी मी ते मिनिटभर 0.5 टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये, म्हणजे ब्लीचच्या पाण्यात, बुडवते. फायटोफ्थोराचा संशय असेल तर ते टाळते आणि फक्त धुऊन टिपून घेते. निम्मे कण साध्या बटाटा-डेक्स्ट्रोज अगारवर (जेलीसारख्या माध्यमावर) ठेवा आणि निम्मे पार्प माध्यमावर. पार्पमध्ये मक्याच्या अगारात इतर बुरशा आणि जिवाणू रोखणारी पिमारिसिन, अँपिसिलिन, रिफँपिसिन आणि पीसीएनबी ही औषधं घातलेली असतात. पिमारिसिन खऱ्या बुरशांच्या पेशीपटलातल्या एर्गोस्टेरॉलला धरतं. फायटोफ्थोराकडे ते स्टेरॉल नसतंच, म्हणून तो सुखरूप वाढतो. 1876 साली अँटन डी बॅरी यांनी त्याला ‘वनस्पतींचा विनाशक’ अशा अर्थाचं हे ग्रीक नाव दिलं. वंशानं तो बुरशांपेक्षा तपकिरी शेवाळांना जवळचा. पिमारिसिन प्रकाशात निकामी होतं, तेव्हा डिश अंधारात, साधारण 20 ते 22 अंश सेल्सिअसला ठेवा. दोन दिवसांपासून रोज पाहा.

मातीसाठी मी कच्चं हिरवं पेअर वापरते. माती डब्यात घालून वर पाणी भरायचं आणि पेअर अर्धं बुडेल असं ठेवायचं. फायटोफ्थोराचे चलबीजाणू (पोहणारे बीजाणू) दोन शेपट्यांनी पोहत फळापर्यंत जातात. तीन ते पाच दिवसांत पाण्याच्या रेषेशी टणक तपकिरी ठिपके उमटतात आणि त्यांच्या कडेचा कण पार्पवर ठेवता येतो.

सूक्ष्मदर्शकाखाली फायटोफ्थोराच्या तंतूंना आडपडदे नसतात आणि जाडी एकसारखी नसते. पण त्याचा नातलग पिथियमही असाच दिसतो, आणि तो तर निरोगी झाडाच्या मुळांतही सापडतो. इथे घाई नको. कल्चरचा, म्हणजे डिशमधल्या वाढीचा, तुकडा मातीच्या अर्कात ठेवून लिंबाच्या आकाराच्या बीजाणुधान्या (बीजाणूंच्या पिशव्या) येऊ द्या, मग थोडं गार करून पुन्हा खोलीच्या तापमानाला आणा आणि डोळा लावून बसा. फायटोफ्थोरात बीजाणुधानीच्या आतच चलबीजाणू वेगवेगळे होतात, वळवळायला लागतात आणि टोकातून बाहेर पडतात. पिथियममध्ये आतला ऐवज आधी बाहेर एका पातळ फुग्यात येतो आणि चलबीजाणू तिथे घडतात. हे एकदा पाहिलं की दोघांत गल्लत होत नाही. प्रजातीसाठीही खुणा आहेत: फा. सिनॅमोमीच्या तंतूंवर पोवळ्यासारख्या गाठी असतात, फा. कॅक्टोरमच्या बीजाणुधानीला टोकाशी बोंड असतं. झटपट चाचणीच्या पट्ट्या बागेत उपयोगी पडतात, पण काही पिथियमलाही त्या होकार देतात. नाव नक्की करायला आयटीएस या, प्रजाती ओळखायला वापरल्या जाणाऱ्या भागाचा डीएनए वाचून घ्या. जवळच्या प्रजाती त्यानं सुटत नाहीत, तेव्हा दुसरं एखादं जनुकही वाचावं लागतं.

एवढं झालं तरी जे सापडलं ते ‘आढळलं’ एवढंच मी लिहिते. ‘कारण’ हा शब्द रॉबर्ट कॉख यांच्या कसोटीनंतरच. त्याच जातीची निरोगी रोपं घ्या. सालीला छोटा छेद देऊन काहींत कल्चरचा तुकडा बसवा आणि तितक्याच रोपांत नुसतं निर्जंतुक अगार. काही आठवड्यांनी साल तासा. पहिल्या गटात तीच तपकिरी कड दिसली, त्या कडेतून तोच जीव पुन्हा निघाला आणि दुसरा गट स्वच्छ राहिला, तर बागायतदाराला नाव सांगा.

कडक उन्हाळ्यात फायटोफ्थोरा अनेकदा हाती लागत नाही. डिश कोऱ्या आल्या तर तसंच लिहा आणि जमिनीत ओल परतली की त्याच झाडाशी पुन्हा जा. मार्करची खूण अजून दिसत असते, आणि तपकिरी कड तिच्या पुढे किती सरकली तेही मोजता येतं.