चिनी माणसाला भेटताय? नुसत्या 'नी हाओ'वर भागत नाही, या चुका टाळा

कँटन फेअरला (चीनमधलं मोठं व्यापारी प्रदर्शन) किंवा इवूला (तिथलं घाऊक बाजाराचं शहर) माल बघायला जाणारे आपले बरेच जण यूट्यूबवरून 'नी हाओ' म्हणजे चिनी नमस्कार पाठ करतात आणि निघतात. चुकीचं काही नाही त्यात, पण रोज एकाच ऑफिसात बसणारे लोक एकमेकांना सहसा नी हाओ करत नाहीत, ते जरा परकं वाटतं. मग काय करतात, तर हाक मारतात. वांग मॅनेजर दिसला की 'वांग जिंगली', ली टीचर दिसल्या की 'ली लाओशी', झालं ग्रीटिंग. सकाळी नुसतं 'जाओ' (जाळ्यातला ज), म्हणजे गुड मॉर्निंग.

आणि इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. चिनी नावात आडनाव आधी येतं, आपण कार्डवरचं शेवटचं नाव उचलतो आणि त्याला मिस्टर लावून मोकळे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ ला मेडिकल मिशनसोबत चीनला गेले, तिथे ते झाले के दिहुआ, आणि हाक काय तर 'के दाइफू', आधी आडनाव मग डॉक्टर. कार्डच्या इंग्रजी बाजूला काहीजण नाव उलटं छापतात, त्यामुळे डाउट असेल तर सरळ 'निन ग्वेइ शिंग?' विचारा, आपलं आडनाव काय, असं अदबीनं विचारणं झालं ते, कुणी रागवत नाही.

जेवणाच्या सुमारास एखाद्या आजोबांनी 'छ ल मा?' म्हणजे जेवलात का विचारलं तर ते आमंत्रण नव्हे हो! आपल्याकडे 'काय, झालं का जेवण?' म्हणतात तसंच. 'छ ल' म्हणजे जेवलो म्हणा, पुढे चला, काय खाल्लं ते सांगत बसू नका.

मिठी नको. नमस्काराचे हात देवळात ठीक, ऑफिसात हलकं शेकहँड पुरे. चिनी न्यू इयरला मूठ धरून शुभेच्छा द्यायच्या असतील तर पुरुषांनी उजवी मूठ आत आणि डावा हात वरून धरायचा, बायकांचं उलटं. पुरुषानं हात उलटे धरले तर ते मयताला करतात तसं होतं, आणि म्हाताऱ्या माणसांच्या ते बरोब्बर लक्षात येतं.

वेट्रेसला 'शियाओजिए' म्हणजे मिस म्हणू नका, बऱ्याच ठिकाणी त्याचा वाईट अर्थ घेतात. 'फूवुयुआन' म्हणा. टॅक्सीवाल्याला 'शिफू'.

निघताना यजमान 'मान जोउ' म्हणजे सावकाश जा म्हणत लिफ्टपर्यंत येतात, कधी खाली गेटपर्यंतसुद्धा. एकदोनदा नको नको म्हणा, पण ते उभे असताना मोबाइलमध्ये डोकं घालू नका.