माती सर्वेक्षण: गिरमिटापासून नकाशापर्यंत या चुका टाळा

वहीत ‘सामू ८.४, ईसी १.८, रंग काळा’ एवढीच नोंद असेल, तर पुढच्या माणसाने करायचे काय? सामू (पीएच, आम्ल-विम्लतेचा आकडा) किती पाण्यात मोजला, ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचे माप) कोणत्या अर्काची, ढेकूळ ओले होते की कोरडे, काहीच कळत नाही. अवजारे बहुतेकांकडे ठीकठाक असतात. आकड्याशेजारी त्याची पद्धत लिहिलेली नसते, आणि घोळ तिथे होतो. खालच्या चुका महाराष्ट्रातल्या, मुख्यतः काळ्या जमिनीतल्या कामाला धरून आहेत.

गिरमिटावर भागवणे

उन्हाळ्यात काळ्या जमिनीत गिरमिट (फिरवून माती वर काढायचे अवजार) जात नाही आणि भर पावसात गेले तर निघत नाही. पाऊस संपून वाफसा आला की काम करावे. स्क्रू गिरमिटाचा पेच थरांची सरमिसळ करतो, म्हणून दर १५-२० सेंटीमीटरला ते बाहेर काढून पेचाला लागलेली बाहेरची माती चाकूने खरवडून टाका आणि आतलीच घ्या. खोली, रंग, चुनखडी कुठून सुरू होते, मुरूम कुठे लागतो, एवढे गिरमीट सांगते. मातीची घडण मात्र सांगत नाही.

म्हणून केवळ गिरमिटाच्या आधारे ‘व्हर्टिसॉल’ (भेगाळणाऱ्या चिकणमातीचा वर्गीकरणातला गट) लिहून मोकळे होऊ नये. त्यासाठी ३० टक्के किंवा जास्त चिकणकण (मातीतले सर्वांत बारीक कण), ठरावीक काळाने उघडणाऱ्या-मिटणाऱ्या भेगा, आणि १०० सेंटीमीटरच्या आत किमान २५ सेंटीमीटर जाडीचा असा थर हवा, ज्यात मातीचे गठ्ठे एकमेकांवर घासून झालेली चकचकीत पृष्ठे (स्लिकनसाइड) किंवा पाचरीच्या आकाराचे गठ्ठे दिसतील. ते बघायला खड्डाच लागतो: साधारण २ मीटर लांब, १ मीटर रुंद, दीड मीटर किंवा मुरमापर्यंत खोल. ज्या बाजूचे वर्णन करायचे ती उन्हाकडे तोंड करून ठेवा आणि तिच्या डोक्यावर खोदलेली माती टाकू नका. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला टाकली की बुजवताना शेतकऱ्याचे शिव्याशाप खावे लागत नाहीत.

ओलसर चिकणमातीवर फावडे फिरले की तीही चकचकीत होते, आणि नवख्याला ती स्लिकनसाइड वाटते. खात्री करायची तर चाकूच्या टोकाने ढेकूळ उचकटा आणि हाताने फोडा. खरे पृष्ठ आतून निघते, तिरके असते आणि त्यावर एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसतात. फावड्याची चकाकी फक्त वरवर असते. विहिरीची किंवा रस्त्याची कापलेली कड वापरायची असेल तर आधी निदान फूटभर आत तासून घ्या, कारण उन्हापावसाने तिथला रंग आणि चुना दोन्ही बदललेले असतात. पाणी साचलेल्या खड्ड्यात मात्र उतरू नका. ओली काळी माती भेगेवरून सुटून एकदम ढासळते.

मन्सेल तक्ता

मातीचा रंग या तक्त्यातल्या रंगीत चिपांशी जुळवून वाचतात. तो सावलीत, झाडाखाली, निळ्या ताडपत्रीखाली किंवा गॉगल लावून वाचला तर तो चुकणारच. सूर्य पाठीशी घ्या, आणि सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर रंग वाचू नका. ढेकूळ ताजे फोडलेले हवे, बोटाने चोळून सपाट केलेले नको. पाणी थोडे थोडे शिंपडत जा. रंग बदलायचा थांबला की ती ओली नोंद, आणि पृष्ठावर पाण्याची चमक असेल तर ती जिरेपर्यंत थांबा. तक्त्यातला रंगाचा संकेत ‘१० वायआर ३/१, ओली’ असा पूर्ण लिहा, जमल्यास कोरडा रंगही. चिपला माती लावू नका. डागाळलेला किंवा उडालेला तक्ता नवशिक्यांना शिकवण्यापुरता ठेवा. मोबाइलच्या फोटोवरून रंग ठरवणे तर सोडूनच द्या.

काळी म्हणजे सेंद्रिय कर्ब भरपूर, हा समजही इथेच सोडा. आपल्या बऱ्याच काळ्या जमिनींत तो एक टक्क्याच्या खाली असतो.

चुनखडीची चाचणी

मातीत चुना असेल तर आम्लाच्या थेंबाने ती फसफसते. त्यासाठी सुमारे १ नॉर्मल (द्रावणाच्या तीव्रतेचे माप) हायड्रोक्लोरिक आम्ल लागते. ३७ टक्क्यांचे तीव्र आम्ल १२ नॉर्मलच्या आसपास असते, म्हणून १ भाग आम्लाला ११ भाग पाणी. आम्ल पाण्यात घालायचे, उलटे कधीच नाही. चष्मा आणि हातमोजे हवेतच.

कोरड्या ढेकळावर थेंब पडला की आतली हवा बुडबुडे काढत निघते आणि ‘फसफस झाली’ अशी नोंद होते. आधी ढेकूळ साध्या पाण्याने भिजवा, मग थेंब टाका. चुन्याचा खडा आणि त्याभोवतीची माती यांची नोंद वेगवेगळी करा. खड्यावर थेंब टाकून ‘जोरदार’ लिहिलेली माती प्रत्यक्षात बिनचुन्याचीही निघू शकते. बाटलीतले आम्ल कामाचे आहे का हे अंड्याच्या कवचावर बघा. शाळेच्या खडूवर नको, तो बहुधा जिप्समचा असतो आणि फसफसत नाही.

सामू आणि ईसी

काळ्या जमिनीसाठी मीटर ७ आणि ९.२ च्या बफरवर (ठरावीक सामूच्या द्रावणावर) लावा, कोकणच्या आम्लधर्मी जांभ्या मातीसाठी ४ आणि ७ वर. उघडे राहिलेले ९.२ चे बफर हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून खाली उतरते, तेव्हा जुनी बाटली ओतून द्या. इलेक्ट्रोड डिस्टिल्ड पाण्यात ठेवू नका. ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवा, नाहीतर आकडा स्थिर व्हायला फार वेळ लागतो. आपल्याकडे १:२.५ ची पद्धत आहे: २० ग्रॅम माती, ५० मिली पाणी, अर्धा तास अधूनमधून ढवळणे. अमेरिकी पद्धतीत १:१ असते. त्यामुळे परक्या अहवालातला सामू तुलनेला घेताना प्रमाण आधी पाहावे.

सगळ्यात महागडी चूक ईसीत होते. क्षारपडीची ४ डेसीसिमेन्स प्रति मीटर ही सीमा संपृक्त लगद्याच्या अर्काची (माती पुरती भिजवून केलेल्या लगद्यातून काढलेल्या पाण्याची) आहे. चिकण मातीचा असा लगदा साधारण ६० ते ८० टक्के पाण्यात तयार होतो आणि १:२.५ च्या द्रावणात पाणी २५० टक्के असते, म्हणजे क्षार पातळ होऊन आकडा कमी दिसतो. त्यामुळे १:२.५ चा १.८ हा आकडा ‘४ च्या खाली, जमीन ठीक’ असा वाचणे धोक्याचे. सरसकट गुणकही लावता येत नाही, कारण जिप्सम असेल तर जास्त पाण्यात ते जास्त विरघळते. शंका आली तर थोड्या नमुन्यांचा संपृक्त अर्क काढूनच बघा.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यात तर विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना धरून असलेले) १५ टक्क्यांच्या नेहमीच्या सीमेखाली असूनही निचरा बिघडलेल्या जमिनी आहेत. तिथे फक्त आकड्यावर न जाता खड्ड्यात पाणी किती वेळ साचते तेही पाहावे.

जागा आणि नकाशे

महाराष्ट्र यूटीएमच्या (मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या नकाशा-पद्धतीच्या) ४३ आणि ४४ अशा दोन झोनमध्ये विभागलेला आहे आणि ७८ अंश रेखांश अमरावती आणि वर्धा यांच्या मधून जातो. झोन न पाहता फाइल जोडली की वर्ध्याचे खड्डे भलतीकडे उमटतात. जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट डेटमवर (अक्षांश-रेखांश मोजण्याच्या पायावर) आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर. डेटम न बदलता एकावर एक ठेवल्यास नाले आणि खड्डे जुळत नाहीत. २० अंश ३० मिनिटे म्हणजे २०.५, २०.३० नव्हे. ही चूक फार होते.

नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोचे नकाशे उपयोगी आहेत, पण प्रमाण बघून वापरा. १:२,५०,००० च्या नकाशावरचा १ चौरस सेंटीमीटर म्हणजे ६२५ हेक्टर. एका घटकात दोन-तीन प्रकारच्या माती एकत्र दाखवलेल्या असतात. त्यावरून एका गटाची माती सांगणे चुकीचे. गटपातळीला १:१०,००० च्या आसपासचा नकाशा किंवा स्वतः केलेले खड्डे हवेत.

सॉइलग्रिड्स (जगभरच्या मातीचा संगणकीय नकाशा) हे २५० मीटर विभागणीचे प्रारूप आहे, सर्वेक्षण नव्हे. त्यातला सामू १० ने गुणलेला असतो आणि चिकणकण ग्रॅम प्रति किलोत. ८२ दिसले तर सामू ८.२, ५४० म्हणजे ५४ टक्के. थेट तक्त्यात चिकटवू नका.

वर्गीकरणाच्या किल्लीची आवृत्तीही लिहा, कारण त्या बदलत असतात. अमेरिकी ‘कीज टू सॉइल टॅक्सॉनॉमी’ची तेरावी आवृत्ती २०२२ ची आहे. किल्ली पहिल्या पानापासून क्रमाने वाचायची. मोलिसॉलच्या (गडद पृष्ठथराच्या मातीच्या गटाच्या) आधी व्हर्टिसॉल येतो, म्हणून गडद पृष्ठथर पाहून मध्येच उडी मारली तर नाव चुकते.

नमुन्याची पिशवी

सूक्ष्म अन्नद्रव्ये तपासायची असतील तर जस्तचढवलेली बादली, गंजके फावडे आणि खताची गोणी, तिन्ही बाद. स्टीलची खुरपी आणि प्लास्टिकचे घमेले घ्या. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, कारण ओल्या पिशवीत शाई पसरते. चिठ्ठ्या दोन, एक आत आणि एक बाहेर, आणि प्रत्येकीवर खड्डा क्रमांक, थराची खोली, तारीख आणि गट नंबर.