दारातल्या झाडावर पिंगळा राहायला आलाय? मग या चुका टाळा

आमच्या साताऱ्याच्या घरी स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर एक म्हातारा गुलमोहर आहे. कधीकाळी वादळात त्याची जाड फांदी मोडली, तिथलं लाकूड कुजत गेलं आणि छान खोल ढोली झाली. तिच्यात आधी साळुंक्या राहिल्या, मग पोपट. एका डिसेंबरात दिवेलागणीला कुकर लावत होते, सहज बाहेर बघितलं तर ढोलीतून दोन पिवळे डोळे माझ्याकडे रोखून बघत होते. पांढऱ्या भुवया, मुठीएवढं डोकं, त्यावर पांढरे ठिपके. पिंगळा, म्हणजे आपलं छोटं घुबड!

त्या वर्षी मी एकही चूक करायची बाकी ठेवली नाही. रोज रात्री टॉर्च घेऊन झाडाखाली जायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून दाखवायचे. भाच्याने तर शिडी लावून मोबाइल ढोलीत घातला आणि फ्लॅश मारून फोटो काढला: चार पांढरी, जवळजवळ गोल अंडी. फोटो उत्तम आला. आठवड्याभरात ढोली रिकामी झाली आणि पुढची दोन वर्षं तिकडे कोणी फिरकलं नाही.

तेव्हा पहिली आणि सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच, अंड्यांच्या दिवसांत जवळ जाणं. आपल्याकडे पिंगळ्याची वीण साधारण थंडीपासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत चालते. तीन-चार अंडी असतात आणि पहिलं घातल्यापासूनच उबवणं सुरू होतं. जवळजवळ महिनाभर मादी आत बसून असते, तिचं खाणंपिणं नर बघतो. याच महिन्यात पक्षी सर्वांत बुजरा असतो. पिल्लं बाहेर आली की सहसा तो घर सोडत नाही, त्याची गुंतवणूक वाढलेली असते. अंड्यांवरून मात्र उठून जातो. म्हणून ढोलीत जोडी दिसली की पुढचा महिनाभर झाडाकडे पाठ फिरवायची. जीव तुटतो, मान्य आहे.

आपण फार जवळ गेलोय हे ओळखायचं कसं? पिंगळाच सांगतो. आधी तो अंग चोरून ताठ होतो, मग डोकं खालीवर हलवत तुमच्याकडे टक लावून बघतो. आपल्याला वाटतं गंमत करतोय, नमस्कार करतोय. तो तुमचं अंतर मोजत असतो. त्याहून पक्की खूण म्हणजे चोचीत पाल किंवा नाकतोडा धरून जवळच्या फांदीवर नुसता बसून राहिलेला पिंगळा. तो तुम्ही जायची वाट बघतोय आणि आत पिल्लं उपाशी आहेत. दोन-तीन मिनिटं तो आत गेला नाही, तर तुम्ही मागे सरका. आणखी थोडं. तो आत शिरला की तेवढं तुमचं अंतर, ते लक्षात ठेवायचं.

मी आता काय करते सांगते. खिडकीला आईची जुनी गडद साडी आडवी टांगलीय, मधे चार बोटांची फट. स्वयंपाकघरातला दिवा बंद. सूर्य मावळल्यानंतरचा अर्धा तास बसायचं, तेवढ्या उजेडात साध्या दुर्बिणीतून सगळं दिसतं. टॉर्च लागतच नाही. घुबडाच्या बाहुल्या अंधारात पूर्ण उघडलेल्या असतात, त्यांवर पांढरा झोत पडला की काही वेळ त्याला धड दिसत नाही. तो जागेवर थिजतो, आपण म्हणतो वा, किती शांत बसलाय.

दिवसा त्याला दिसत नाही, हाही गैरसमजच. पिंगळा हिवाळ्यात सकाळी ढोलीच्या तोंडाशी बसून मस्त ऊन खातो आणि तुम्हाला चांगला बघतो. डोळे खोबणीत फिरत नाहीत म्हणून मान फिरवतो. आपल्या मानेत सात मणके, त्याच्या मानेत चौदा.

मोबाइलवर त्याचा आवाज लावून त्याला बोलावणं, ही नवी खोड. त्याच्या लेखी ते हद्दीत घुसलेलं दुसरं घुबड असतं. मग शिकार सोडून तो त्या नसलेल्या शत्रूला हाकलायच्या मागे लागतो. आणि फोटो टाकताना गल्लीचं नाव, इमारत, लोकेशन टाकू नका. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडं पकडणारे अजूनही आहेत, ते पत्ते असेच शोधतात. लक्ष्मीचं वाहन म्हणायचं आणि लक्ष्मीपूजनालाच त्याच्या जिवावर उठायचं! त्यापेक्षा आमच्या आजीची समजूत बरी होती. घुबडाला दगड मारला तर तो दगड उचलून नेतो आणि घासत बसतो. दगड झिजेल तसा मारणारा झिजतो. खोटी आहे, पण आमच्या आळीतल्या पोरांच्या हातातले दगड तिनेच खाली ठेवले.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. पिल्लू खाली पडलंय, काय करू?

पिंगळ्याची पिल्लं महिन्याभराची झाली की धड उडता येण्याआधीच ढोलीबाहेर पडतात. फांदीवरून फांदीवर धडपडतात, कधी खाली येतात. अंगावर थोडी पिसं, थोडी लव, डोळे टक्क उघडे, हात जवळ नेला की चोच कटकट वाजवतं, असं पिल्लू बहुधा ठणठणीत असतं. त्याला ‘वाचवून’ घरी आणणं म्हणजे आईबापांपासून पळवणं. मांजर-कुत्र्यापासून धोका असेल तर जाड फडक्यात धरून (नख्या लहान दिसतात, लागतात जोरात) त्याच झाडाच्या फांदीवर ठेवा. माणसाचा हात लागला की आई घेत नाही, हे खरं नाही. अगदी लहान, नुसतं लव असलेलं असेल तर परत ढोलीत ठेवायचं. ढोलीपर्यंत हात पोचत नसेल तर एखाद्या करंडीत सुकं गवत घालून ती झाडावर उंच बांधा. पिल्लू अंधार पडल्यावर ओरडतं आणि त्या आवाजावर आईबाप येतात. आपण दूर जाऊन बसायचं. ‘आई आलीच नाही’ म्हणणारे निम्मे लोक करंडीखालीच उभे असतात.

दूध पाजू नका. पाणीही चोचीत ओतू नका, ते श्वासनळीत जातं. घुबडाला लागणारं बहुतेक पाणी शिकारीतूनच मिळतं. दूधभात, पाव, फरसाण (हो, फरसाण भरवलेलं मी पाहिलंय) यांतलं काहीही त्याचं अन्न नाही. पंख लोंबतोय, रक्त आहे, मांजराने तोंडात धरलं होतं किंवा अंगावर माश्या बसताहेत, तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. मांजराचा दात छोटासाच दिसला तरी थांबू नका. घरी पाळायचा विचार मात्र मनात आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो पिंगळ्यालाही लागू आहे.

उंदरांच्या औषधाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण ही चूक कोणाच्या लक्षातच येत नाही. बाजारात ब्रोमाडिओलोनच्या रंगीत वड्या मिळतात. ती खाल्ली की उंदराचं रक्त गोठेनासं होतं, पण तो लगेच मरत नाही. तीन-चार दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो. घुबडाला याहून सोपी शिकार कुठली? असे चार-दोन उंदीर पोटात गेले की विष त्याच्याही अंगात साठतं. म्हणजे ज्याने फुकटात उंदीर संपवले असते, त्यालाच आपण मारतो. चिकट पुठ्ठेही नकोत, त्याला चिकटलेला उंदीर कचऱ्यात तडफडत असला की घुबड तिथे झेप घेतं आणि पिसं चिकटून बसतात. आपला जुना पिंजरा लावा.

तुमचं घुबड काय खातं ते बघायचं असेल तर झाडाखाली बघा. न पचलेली हाडं, केस, किड्यांची कवचं यांची करडी गोळी ते ओकून टाकतं. ती पाण्यात भिजवून टाचणीने उलगडायची. मला एका गोळीत भुंग्याचे चकचकीत निळे पंख आणि नखाएवढा जबडा मिळाला. पुढचे दात नारिंगी होते, म्हणजे उंदीर. चिचुंद्री असती तर पांढरे असते. नंतर हात साबणाने धुवायचे.

आणखी दोन गोष्टी वेळापत्रकाच्या आहेत. संक्रांत ऐन विणीत येते. नायलॉन मांज्यावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी झाडांवर तो लोंबतोच. हात पोचेल तेवढा आधीच काढून टाका. दुसरी म्हणजे पावसाळ्याआधीची छाटणी. एप्रिल-मे महिन्यांत करवत चालवणाऱ्यांना ढोली ‘कीड’ वाटते. आधी दोन संध्याकाळी झाडाकडे बघा. शहरात झाड तोडायला परवानगी लागतेच, तेव्हा अर्जात घरट्याचाही उल्लेख करा.

फ्लॅटमधल्यांची तक्रार वेगळी असते. डक्टमधून रात्रभर कोणीतरी फुसफुसतं, कुकरची शिटी गळल्यासारखं. भूत नाही, गव्हाणी घुबडाची पिल्लं आहेत. बदामी आकाराचे पांढरे चेहरे, लहानपणी जरा भीतिदायकच. गव्हाणीची अंडी दोनेक दिवसांच्या अंतराने घातली जातात, त्यामुळे थोरलं पिल्लू पिसांनी भरलेलं आणि धाकटं अजून कापसाचा गोळा, असं दिसतं. धाकटं आजारी नाही. अन्न कमी पडलं तर ते मरतंही. मधे पडू नका. पिल्लं उडायला दोन महिने लागतात.

आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत कबुतरांसाठी डक्टला जाळी मारली. जाळीवाला सकाळी आला, दुपारी गेला. रात्री गव्हाणीची जोडी बाहेरून जाळीवर आपटत होती आणि आतून फुसफुस चालू होती. दुसऱ्या दिवशी एका काकूंनी कात्रीने हातभर भोक पाडलं म्हणून पाचही पिल्लं जगली. जाळी मारायचीच असेल तर आधी एक संध्याकाळ डक्टकडे कान लावा. घाणीचा त्रास होत असेल तर तोवर खाली गोणपाट टाका, आठवड्याला बदला. पिल्लं उडून गेल्यावर डक्ट धुवा, मग जाळी.

एक शेवटचं. बागेतला पिंगळा ‘तो दुर्मिळ रानपिंगळा’ आहे असं जाहीर करू नका. रानपिंगळा ११३ वर्षं कोणाला सापडला नव्हता, १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा दिसला, आणि तो सातपुड्यासारख्या जंगलांत राहतो. त्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतातच. आमच्या गुलमोहरावरच्या बाईसाहेबांच्या डोक्यावर भरपूर आहेत. यंदा गेले नऊ दिवस त्या बाहेर आलेल्या नाहीत. त्यामुळे खिडकीवर साडी चढवलीय आणि भाच्याला कळवलंय की यायचं तर मार्चमध्ये ये.