स्वतःच्या छायाचित्र-प्रकल्पातून व्यावसायिक काम कसे मिळवावे

जे काम पैसे घेऊन करण्याची इच्छा आहे, ते कोणी सांगण्याआधीच स्वतःच्या हौसेने करून ठेवावे. कारण लग्नाचे अल्बम दाखवून भांड्यांच्या जाहिरातीचे काम मागणाऱ्यावर कोणताही ग्राहक सहजासहजी विश्वास ठेवत नाही.

विषय असा निवडावा की तेथे वारंवार जाता येईल आणि त्याच्या आसपास छायाचित्रांची गरज असलेले व्यावसायिकही असतील. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. तेथे तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम होते, म्हणजे हातोडीचे ठोके देऊन पृष्ठभागावर एकसारखे खळगे उमटवले जातात. अशी भांडी विकणारे दुकानदार, गृहसजावटकार आणि हस्तकलेसाठी काम करणाऱ्या संस्था हे या प्रकल्पाचे संभाव्य ग्राहक होत.

कारागिरांची छायाचित्रे पुढे जाहिरातीत वापरली जाण्याची शक्यता असल्यास तसे स्पष्ट लिहिलेले मराठी संमतीपत्र सुरुवातीलाच सही करून घ्यावे, आणि त्यांना छापील प्रती आवर्जून द्याव्यात.

ग्राहकाची खात्री पटते ती अवघड तपशील नीट टिपलेला पाहून. मठारलेल्या तांब्यावर थेट फ्लॅश मारल्यास प्रत्येक खळग्यात पांढरा ठिपका चमकतो; म्हणून भांडे दाराजवळ ठेवून बाजूने येणारा उजेड पातळ पांढऱ्या कापडातून घ्यावा, म्हणजे ठोक्यांची नक्षी उठून दिसते. चौकट तांब्यानेच भरली असेल तर ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग आपोआप जुळवणारी कॅमेऱ्याची सोय, त्याचा तांबूसपणा कमी करू शकते, तेव्हा ग्रे कार्ड (रंग जुळवण्यासाठीचे करड्या रंगाचे कार्ड) वापरून व्हाइट बॅलन्स हाताने ठरवावा. हातोडीची गती दाखवायची असल्यास शटर उघडे राहण्याचा वेळ १/३० सेकंदाच्या आसपास ठेवावा. कारागिराच्या चेहऱ्यावर आणि भट्टीच्या ज्वाळांवर छायाचित्रकाराचा जीव जडतो हे खरे; पण दुकानदाराला साध्या पार्श्वभूमीवरचा तांब्या आणि हंडाही पाहायचा असतो, आणि नेमकी तीच छायाचित्रे बहुतेक प्रकल्पांत नसतात.

काम पुरेसे झाले की त्यातून पंधरा-वीस छायाचित्रे निवडावीत. प्रत्येक ग्राहकाला सगळी पाठवू नयेत. त्याच्या मालाशी जुळणारी चार-पाच निवडून, आपण त्याच्यासाठी काय करू शकतो हे दोन ओळींत लिहावे आणि एका दिवसाच्या कामाचा दर तेथेच नमूद करावा. ‘आधी एक नमुना फुकट काढून द्या’ असे म्हणणाऱ्यालाही हाच प्रकल्प दाखवावा, कारण तोच नमुना आहे.

हक्कांच्या बाबतीत मात्र दोन्ही कामांत मोठा फरक आहे. स्वतःसाठी काढलेल्या छायाचित्रांचा कॉपीराइट छायाचित्रकाराचा असतो. परंतु कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, तो ग्राहक ठरतो. त्यामुळे कॉपीराइट स्वतःकडे ठेवायचा असेल तर तसे कामाआधीच लेखी ठरवावे, वापराचे माध्यम, मुदत आणि प्रदेश करारात लिहावेत, आणि आगाऊ रक्कम जमा झाल्यावरच चित्रणाची तारीख पक्की करावी.