बुडालेल्या बँकांच्या नोटा जमवायच्या असतील तर

अमेरिकेत तीन डॉलरची नोट होती असं सांगितलं की बहुतेकांना ते खरं वाटत नाही. होती, आणि भरपूर चालायची. यादवी युद्धापर्यंत तिथल्या कागदी नोटा मुख्यतः गावोगावच्या बँकाच काढत. राज्याची परवानगी घ्यायची, आपल्या नावाच्या नोटा छापून घ्यायच्या आणि मागेल त्याला बदल्यात नाणी देण्याचं वचन द्यायचं. कित्येक बँका बुडाल्या. उरलेल्यांच्या नोटांवर १८६५ च्या कायद्याने दहा टक्के कर बसला आणि हे चलन संपलं. आज संग्राहक या नोटांना ‘ऑब्सोलीट’, म्हणजे कालबाह्य, म्हणतात.

दिसेल ती नोट घेत सुटू नका. एक राज्य धरा, नाहीतर एक विषय: नोटांवरच्या चित्रांतल्या आगगाड्या, जहाजं किंवा तीन डॉलरच्याच नोटा. मी राज्य धरायला सांगेन. मग तिथली गावं, बँका, छापणाऱ्या कंपन्या ओळखीच्या होतात आणि विचित्र नोट पुढ्यात आली की डोळा आपोआप अडखळतो.

नोट हातात आली की चित्राआधी शाई पाहा. अनुक्रमांक, तारीख, कॅशिअरची सही, अध्यक्षाची सही, हे सहसा हाताने लिहिलेलं असे. सगळं जागच्या जागी असेल तर नोट बहुधा बँकेबाहेर पडून फिरलेली. सगळ्या जागा रिकाम्या असतील तर ती ‘रिमेंडर’, म्हणजे छापून आली पण वापरलीच गेली नाही. न्यू ऑर्लीन्सच्या कॅनाल बँकेच्या अशा कोऱ्या करकरीत नोटा, अगदी न कापलेल्या तावांसकट, आजही मिळतात. नवख्याने तिथून सुरुवात करावी. खर्च आवाक्यात राहतो आणि पोलादी पाटीवरचं कोरीव काम निवांत पाहता येतं. मात्र कोऱ्या नोटांवर पुढे कुणीकुणी सह्या ठोकून दिल्या आहेत, म्हणून त्याच बँकेच्या दुसऱ्या नोटेवरची सही शेजारी ठेवून ताडून पाहा.

माझा जीव मात्र वापरलेल्या नोटांवर आहे. मिशिगनची १८३८ ची एक नोट माझ्याकडे आहे. मधली घडी झिरझिरीत झालीय. कॅशिअरच्या सहीची शाई तपकिरी पडलीय आणि टाक जिथे दाबला गेला तिथे कागद खाऊन मागे उतरलीय. मिशिगनने १८३७ मध्ये बँक काढणं भलतंच सोपं करून टाकलं होतं. तपासनीस पोहोचायच्या आत तीच नाणी एका बँकेतून दुसरीत हलवली जात. खिळ्यांच्या पेटीवर नाण्यांचा थर पसरून तीच ठेव म्हणून दाखवल्याचंही नोंदलेलं आहे. अशा बँकेची नोट कुणीतरी विश्वासाने घडी घालून जवळ ठेवली. ती घडीच मला त्या नोटेतली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. घड्यांमुळे प्रत उतरते, किंमतही उतरते. सह्या वाचता येत असतील तर बिनदिक्कत घ्या.

त्या काळातल्या बनावट नोटाही जमवण्यासारख्या आहेत. बुडालेल्या बँकेचं नाव खरवडून चालू बँकेचं नाव घालायचे, किंवा एकाचे दहा करायचे. नोट उजेडासमोर धरा; खरवडलेल्या जागी कागद पातळ दिसतो. या उद्योगाला आळा बसावा म्हणून अनेक नोटांवर किंमत मोठ्या लाल अक्षरांत छापलेली आढळते.

खरी भीती आधुनिक नकलांची. पिवळट, कडकड वाजणारा, मुद्दाम जुना केलेला कागद आणि शाईने लिहिण्याऐवजी छापलेला क्रमांक दिसला की थांबा. बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सची हजार डॉलरची, ८८९४ क्रमांकाची नोट कुणी दाखवली तर भिंगसुद्धा काढू नका. ती नक्कल आहे, आणि तिच्या असंख्य प्रती घरोघरी पडून आहेत.

नोटेवर अमेरिकन बँक नोट कंपनीचं नाव किंवा तिची जोडाक्षरी खूण असेल, तर ती छपाई १८५८ च्या आधीची नाही. सात कंपन्या एकत्र येऊन ही कंपनी तेव्हा झाली.

दुर्मीळपणासाठी जेम्स हॅक्सबी यांची १९८८ ची चार खंडांची सूची पाहतात. तिच्यात ‘एसईएनसी’ अशी खूण असलेल्या नोटेची एकही उरलेली प्रत तेव्हा खात्रीने माहीत नव्हती. पण १९९० मध्ये अमेरिकन बँक नोट कंपनीच्या संग्रहाचा न्यूयॉर्कला लिलाव झाला आणि ढीगभर नमुना-छाप, म्हणजे पाटी तपासायला काढलेले छाप, बाहेर आले. तेव्हा निव्वळ त्या खुणेवर चढी किंमत मोजू नका. अलीकडच्या लिलावांच्या याद्या आधी चाळा.

जपणुकीचं थोडक्यात: पीव्हीसीची पाकिटं नकोत, पॉलिएस्टरची घ्या. धुणं, इस्त्री, चिकटपट्टी, लॅमिनेशन यातलं काहीही नको. विकत घेतल्याच्या दिवशीच दोन्ही बाजूंचे फोटो काढून कुठून, कितीला घेतली ते लिहून ठेवा. पाठ बहुधा कोरीच असते, तरी तिचाही फोटो काढा. जुन्या मालकाने पेन्सिलीने केलेली बारीक नोंद सापडते ती तिथेच.